जुन्या ट्रकचं इंजिन ऑईल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

सकाळी जुन्या ट्रकखाली तेलाचा डाग दिसला की नाक्यावर उभे असलेले निम्मे लोक एकच निदान करतात: "मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा." कधी ते बरोबर निघतं, पण पुष्कळदा चुकतं. मजुरी जाते, भाडं बुडतं, गाडी उभी राहते आणि आठवड्याने डाग पुन्हा तिथंच दिसतो. वडिलांची गाडी नुकतीच हातात आलेल्या किंवा सेकंडहँड टेम्पो घेऊन धंद्यात उतरलेल्या मंडळींवर ही पाळी येऊ नये, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

माझ्याकडे नाशिकहून वाशीला भाजीपाला नेणारी जुनी टाटा ४०७ आहे, त्यामुळे उदाहरणं तिची येतील. पद्धत मात्र टाटाचा मोठा १६१३ ट्रक असो, आयशर असो की पिकअप, सगळीकडे तीच.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. तेल जिथून टपकतं तिथूनच गळतं असं नाही. ते वर कुठंतरी सुटतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, ब्लॉकवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून पडतं. बहुतेक गाड्यांत हे टोक म्हणजे चेंबरची (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याची) मागची कड किंवा बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर. म्हणून गळती कुठलीही असो, डाग बहुधा मागच्या सीलखालीच, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या रबरी कड्याखालीच पडतो.

काय काय जवळ हवं

पाने आणि गोटी पान्यांचा सेट, लहान टॉर्क पाना, प्लास्टिकचा किंवा बोथट स्क्रेपर, तारेचा आणि साधा ब्रश, चांगली टॉर्च, छोटा आरसा, कॉटन वेस्ट, दोन-तीन लिटर डिझेल, टाल्कम पावडरचा डबा, मोठा पुठ्ठा, तेल काढायला पसरट घमेलं. कागदांत आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबर; त्यांचं काम पार्ट आणताना पडतं.

गाडीखाली शिरायचं असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एकट्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा. स्टार्टर किंवा अल्टरनेटरजवळ पाना फिरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. चालू इंजिनाजवळ वाकताना गळ्यात उपरणं, मफलर नको; पंखा तो क्षणात ओढतो.

१. गळतंय ते इंजिन ऑईलच आहे ना, हे पाहा

रात्री गाडी सपाट जागी लावून खाली पुठ्ठा सरकवा. पुढच्या चाकांच्या आणि इंजिनाच्या जागा त्यावर पेनाने खुणावून ठेवा. सकाळी डाग कुठं आहे ते बघा आणि बोट लावून वास घ्या.

डिझेल गाडीचं वापरलेलं इंजिन ऑईल काळंभोर असतं. गिअर ऑईल त्याहून घट्ट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. ब्रेक आणि क्लचचं ऑईल पाण्यात मिसळतं आणि रंग सोलवटतं. डिझेल वासाने लगेच कळतं.

आता डिपस्टिक बघा. गाडी सपाट हवी आणि इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं झालेली हवीत. गळती असताना लेव्हल कमी व्हायला पाहिजे. ती वाढली असेल, तर तेलात डिझेल किंवा पाणी उतरतंय. डिझेल मिसळून पातळ झालेलं तेल चांगल्या पॅकिंगमधूनही (दोन भागांच्या जोडातल्या गॅस्केटमधूनही) पाझरतं, आणि लोक पॅकिंगच बदलत बसतात. डिपस्टिकवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडा आणि थोडा वेळ थांबा. काळ्या ठिपक्याभोवती फिकट, पसरट कडं उमटलं, तर डिझेलचा संशय घ्या आणि आधी नोझल पंप (नोझलांना दाबाने डिझेल देणारा) आणि फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणारा) वळा. तेल दुधी, मळकट लोण्यासारखं दिसलं तर पाणी आहे. मग हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका.

२. कधी गळतं आणि किती, ते लिहून ठेवा

साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १४४० थेंब, सुमारे ७० मिलिलिटर. दोन आठवड्यांत लिटरभर तेल जमिनीत. 'थेंबच तर पडतो' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे वेळ. गाडी दिवसभर उभी राहूनही टपकणं थांबत नसेल, तर गळती तेलाच्या पातळीखाली आहे: चेंबरचं पॅकिंग, ड्रेन नट किंवा दगड लागून चिरलेला चेंबर. उभी असताना कोरडी आणि इंजिन चालू होताच ओली होत असेल, तर प्रेशरची लाईन बघा: ऑईल फिल्टर, प्रेशर स्विच, गेजची बारीक नळी, टर्बो असेल तर त्याचा पाईप. आणि घाट चढून आल्यावरच मागून ओली दिसत असेल, तर दोन शक्यता. चढावर चेंबरमधलं तेल मागे सरकतं, म्हणून मागच्या बाजूची कुठलीही कमजोरी उघडी पडते. आणि लोडखाली इंजिनच्या पोटातली हवा वाढते; ती कुठून येते ते पुढच्या टप्प्यात बघू. वाशीहून परतताना कसारा चढून गाडी घोटीत थांबवली की खाली वाकून बघायची सवय लावा, तिथं जे दिसतं ते घरच्या अंगणात दिसत नाही.

प्रेशर लाईनची गळती अंगावर काढू नका. ती अचानक वाढली तर चेंबर बघता बघता रिकामा होतो. ऑईलचा दिवा लागला किंवा गेजचा काटा पडला की जिथं आहात तिथं इंजिन बंद करा. तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल तर आग लागू शकते, तीही गाडी हलवू नये.

३. ब्रीदर तपासल्याशिवाय एकही पॅकिंग आणू नका

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो, म्हणून इथं थोडा थांबतो.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा आणि धूर कायम खाली चेंबरमध्ये उतरतो. ती हवा बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या गाडीत ब्रीदरची जाळी काळ्या चिखलाने भरते, रबरी पाईप आतून फुगतो किंवा क्लॅम्पखाली चेपतो. वाट बंद झाली की शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी गत होते: दाब सगळीकडून बाहेर यायला बघतो आणि जी जागा सगळ्यांत कमजोर, तिथून तेल घेऊन निघतो. तुम्ही टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं की पुढच्या सीलमधून येतं, पुढचं सील बदललं की मागच्या. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओलं दिसणारं इंजिन हमखास ब्रीदरकडे बोट दाखवतं.

पाईप काढून फुंकून बघा, आतून डिझेलने धुवा, मऊ पडलेला असेल तर नवीन घाला. मग गरम इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवा. हलकंसं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर पोटात हवा जास्त आहे.

ही हवा दर वेळी रिंगांचीच असते असंही नाही. बऱ्याच हलक्या गाड्यांत अल्टरनेटरमागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याची हवा तेलाबरोबर इंजिनातच परत येते. व्हॅक्यूमचा पाईप किंवा बूस्टर कुठं हवा ओढत असेल, तर ती सगळी चेंबरमध्ये जमा होते. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या तरी तेच होतं. हे दोन्ही चांगले निघाले, ब्रीदर मोकळा आहे आणि तरी धूर थांबत नाही, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंग-लायनर गेलेल्या इंजिनावर नवं पॅकिंग टिकत नाही. हे ऐकायला जड जातं, पण दर महिन्याला थोडा थोडा खर्च करत राहण्यापेक्षा एकदा इंजिनचं काम करणं बरं.

४. इंजिन धुवा, पण समजून

वर्षानुवर्षांच्या चिकट थराखाली गळती सापडत नाही. इंजिन गार असताना स्क्रेपरने जाड थर काढा, ब्रशने डिझेल लावा, मुरू द्या, मग साबणाचं पाणी. पेट्रोल अजिबात वापरू नका. सर्व्हिसिंगला प्रेशरने धुवायचं असेल तर अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने बांधा. गरम नोझल पंपावर गार पाण्याचा झोत मारू देऊ नका, आतले बारीक भाग अडकतात. मग इंजिन पूर्ण वाळू द्या. धुताना सगळे बोल्ट हाताखालून जातात. एखादा ढिला किंवा गायब असेल तर तो इथंच सापडतो, आणि कधी कधी काम तिथंच संपतं.

५. पावडर मारून जागा पकडा

कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवा. टॅपेट कव्हरच्या कडा, हेड आणि ब्लॉकचा जोड, फिल्टरची बैठक, टायमिंग कव्हर, चेंबरच्या कडा, बेलहाउसिंगची वरची बाजू, सगळीकडे. पंख्याच्या पट्ट्यापासून लांब राहा आणि इंजिन बंद असतानाच हे करा.

मग इंजिन दहा मिनिटं आयडलवर चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. काही दिसलं नाही तर माल भरून वीसेक किलोमीटर फिरवून आणा, वाटेत चढ असेल तर उत्तम. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ काळी आणि स्पष्ट उठते. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरच्या अगदी मागच्या बोल्टखालून केसाएवढी रेघ निघाली होती, हेडच्या मागून उतरून बेलहाउसिंगच्या कडेला गेली होती आणि तिथं तिचा चांगला रुंद पट्टा झाला होता. खालून बघणाऱ्याला फक्त तो पट्टा दिसतो. गिअरबॉक्स उतरवायचा अंदाजखर्च एका गॅरेजने मला त्याच पट्ट्यावरून दिला होता.

पावडरीने न सापडणाऱ्या बारीक गळतीसाठी तेलात घालायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघा. तिसरा उपाय हवेचा: ब्रीदर बंद करून डिपस्टिकच्या नळीतून हलकी हवा द्यायची आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडायचं. हवा २-३ पीएसआयच्या वर नको आणि रेग्युलेटरशिवाय तर मुळीच नको. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची थेट हवा दिली तर चांगली सीलंही उलटतील.

६. वरून खाली, पुढून मागे बघत जा

नियम सोपा: सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा हीच खरी जागा, बाकी सगळं तिचं ओघळलेलं.

टॅपेट कव्हर आणि तेलाच्या झाकणाचं रबर आधी. मग हेडचा जोड. तिथं कोपऱ्यात ओल असेल तर हेड पॅकिंगचा विषय आहे, तो सावकाश आणि जाणत्या फिटरकडूनच. ज्या इंजिनांना बाजूला पुश रॉडचं झाकण असतं, त्याचं पॅकिंग मॅनिफोल्डच्या आड लपतं. आरसा तिथं लागतो.

प्रेशर स्विच पुष्कळ लोक बघतच नाहीत. त्याची वायर काढा. कनेक्टरच्या आत तेल असेल तर स्विच आतून फुटला, दुसरा पुरावा नको. स्वस्तातला पार्ट असतो, पण तेल वायरच्या आतून चढत जाऊन भलतीकडेच टपकतं.

फिल्टर नुकताच बदलला असेल तर जुना रबर रिंग बैठकीला चिकटून राहिला आहे का बघा. दोन रिंगांवर बसलेला फिल्टर सुरुवातीला कोरडा राहतो आणि प्रेशर चढलं की धार लावतो. व्हॅक्यूम पंपाचा तेलाचा पाईप आणि परतीची रबरी नळी हाताने वाकवून तडे बघा.

पुढचं क्रँक सील गेलं की पुलीच्या मागे तेल गोल फेकलेलं दिसतं आणि खालच्या क्रॉस मेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) पट्टा उमटतो. शेवटी चेंबरच्या कडा आणि ड्रेन नट.

७. मागचं सील: गिअरबॉक्स उतरवण्याआधीच्या परीक्षा

बेलहाउसिंगच्या तळाला पत्र्याचं झाकण किंवा भोक असतं. झाकण काढून टॉर्चने आत बघा. बेलहाउसिंग बाहेरून ओलं आणि आतून कोरडं असेल, तर तेल वरून येतंय. गिअरबॉक्सला हात लावू नका. आत तेल गोल फेकलेलं असेल, क्लचची धूळ आणि तेल मिळून काळा लगदा झाला असेल, तर गळती आतलीच.

पण आतली म्हणजे क्रँकच्या सीलचीच असं अजून ठरलेलं नाही. वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते गिअर ऑईल आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. गिअरबॉक्सची लेव्हल कमी झाली आहे का ते बघून खात्री करा. वास इंजिन ऑईलचाच असेल तरी फ्लायव्हीलमागे कॅमशाफ्टच्या टोकाची टोपी अनेक इंजिनांत असते आणि तीही गळते. गिअरबॉक्स उतरल्यावर ती न बघता नुसतं सील बदलून गाडी जोडणारे फिटर आहेत, म्हणून तुम्ही समोर उभं राहून बघा.

गिअरबॉक्स उतरलाच, तर रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग बदलून घ्या, क्लच प्लेट तेलाने भिजली असेल तर तीही. मजुरी एकदाच लागते. क्लचची धूळ हवेने उडवू नका; जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कपड्याने पुसा. क्रँक हलवून बघायला सांगा: मेन बेअरिंग झिजून क्रँक डगमगत असेल तर नवं सील लवकरच जाणार.

८. पार्ट आणताना

काउंटरवर 'चारशेसातचं पॅकिंग द्या' एवढं सांगून भागत नाही. ४९७ इंजिन चार सिलिंडरचं, ९७ मिलिमीटर बोअरचं, २९५६ सीसीचं. ६९७ त्याच बोअरचं पण सहा सिलिंडरचं. ४९७ मध्येही साधं आणि टर्बोचं असे प्रकार आहेत. इंजिन नंबर, आरसीची झेरॉक्स आणि जुना पार्ट तिन्ही घेऊन जा. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. धुऊन वाचा, फोटो काढून ठेवा. तांब्याची वायसरं नवीनच घ्या.

९. बसवताना

टॅपेट कव्हर आणि चेंबरच्या बाबतीत सगळ्यांत मोठा सापळा म्हणजे जोर. गळतंय म्हणून बोल्ट आवळले की कॉर्कचं पॅकिंग पिळून बाहेर येतं आणि बोल्टाच्या भोकाजवळ पत्रा आत दबतो. दबलेला पत्रा कितीही नवं पॅकिंग लावलं तरी गळतो. कव्हर सपाट लोखंडावर उलटं ठेवून ती भोकं हलक्या हातोडीने सपाट करा, सरळ पट्टी लावून प्रकाश दिसतो का बघा. दोन्ही कडा पूर्ण कोऱ्या करा. ॲल्युमिनियमवर लोखंडी स्क्रेपर नको. बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

सिलिकॉन फक्त जिथं सांगितलं आहे तिथंच, म्हणजे बहुधा कोपऱ्यांवर आणि दोन भाग भेटतात त्या जोडावर, आणि तेही बारीक. जाड थर लावला की जेवढा बाहेर येतो तेवढाच आत जातो, तुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतो आणि बेअरिंग उपाशी मरतात. ट्यूबवर लिहिलेला वाळायचा वेळ पाळा, मगच तेल भरा.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला तेल लावा, कोरडं सील पहिल्याच स्टार्टला जळतं. पुलीच्या नळीवर किंवा क्रँकवर नख फिरवा: नख अडकेल एवढी खाच असेल तर तिथं स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा, किंवा जागा असेल तर सील थोडं मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या भागावर आणा. हातोडीने एका बाजूने ठोकू नका, योग्य मापाचा पाईप लावून सरळ दाबा.

ड्रेन नटाचे आटे गेले असतील तर टेप गुंडाळून भागवू नका. आटे नवे पाडून घ्या. फिल्टरच्या रबराला तेल लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पान्याने नाही.

गळती थांबवण्याच्या बाटल्या रबर फुगवतात. वाळलेलं सील काही दिवस सांभाळलं जातं, फाटलेलं नाही. घट्ट ग्रेडचं तेल घालून गळती झाकण्याच्या नादाला तर लागूच नका. गार सकाळी ते वरच्या भागांना उशिरा पोचतं. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड घाला आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरू नका. जास्त तेलही गळतीचं कारण असतं.

१०. पुन्हा पावडर, पुन्हा पुठ्ठा

काम झालं की तीच परीक्षा पुन्हा घ्या. कॉर्कचं पॅकिंग पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये बसतं, इंजिन गार असताना टॉर्क पुन्हा तपासा. तेलाने फुगलेले इंजिन माउंटिंग, पंख्याचा पट्टा, रेडिएटरचे होज याच वेळी बघून घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो. हे सगळं त्या तारखेच्या महिनाभर आधी उरका, म्हणजे काही राहिलं तर हातात वेळ असतो.

काढलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. त्यात पाणी, डिझेल, ब्रेक ऑईल मिसळू न देता झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरकडे द्या. मोठ्या गॅरेजांकडे त्यांची गाडी येते, त्यांच्या पिंपात तुमचा कॅन रिकामा करायची सोय लावून घ्या.